दाजींच्या मशीनची उलटी वायर

देविकाच्या लातूरच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला रेणुकादास दाजी पन्नास पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "देविका, तुझ्या घरातल्या धुळीत हळद लावली तर पीक येईल बघ." देविका हसली. थोरल्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर हसावंच लागतं. पण ह्या माणसाला चारचौघांत धुळीनं माखायचं, हे तिनं त्याच पंगतीत ठरवलं.

दाजींचा जीव वडिलांच्या साठ वर्षं जुन्या व्हॅक्यूम क्लीनरमध्ये होता. तो बंद पडताच देविकानं दाजींच्या नांदेडच्या घरून तो दुरुस्तीला मागून आणला आणि महिनाभर मोटरचं वायरिंग शिकली. मोटरला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, हे कळलं तेव्हा तिनं देवापुढं पेढे ठेवले. आता मशीन धूळ ओढणार नाही, फेकणार!

मशीन दुरुस्त होऊन परत आल्यावर आपल्या लेकीच्या होणाऱ्या सासरच्यांसमोर दाजींनी ऐटीत बटण दाबलं. मोटर उलटी फिरली आणि मशीननं धूळ ओढलीच, फक्त जरा सावकाश. असल्या मशीनमधला पंखा कुणीकडंही फिरला तरी हवा मधूनच ओढतो, हे देविकाला कुणी सांगितलंच नव्हतं.

"आवाज किती गोड झालाय! पोरीनं जीव ओतला हो," म्हणत दाजी गहिवरले. त्यांनी तिथंच शाल-श्रीफळ मागवलं.

शाल पांघरून देविका म्हणाली, "दाजी, एक राहिलंच की." तिनं धुळीची पिशवी मशीनच्या पोटातच रिकामी केली, नळी हवा बाहेर फेकणाऱ्या मागच्या भोकाला लावली, तोंड दाजींकडं वळवलं आणि बटण दाबलं.

धुळीच्या लोटात दाजी दिसेनासे झाले. पाहुण्यांना हा सत्काराचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि देविकानं शाल सावरून सगळ्यांना नमस्कार केला.