बारापर्यंतचा विद्वान

आंबी गावात अंबाजीरावांइतका विद्वान माणूस दुसरा नाही, असं खुद्द अंबाजीरावांचं मत होतं. गावात बाकी कुणाला कशावरच मत नसल्यामुळे ते एकमताने मंजूर झालेलं होतं.

अंबाजीरावांनी उमेदीची सगळी वर्षं लोणावळ्याच्या स्टेशनात खलाशी म्हणून काढली. दर सोमवारी शिडीवर चढायचं, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला चावी द्यायची, तबकडी पुसायची आणि उतरायचं. इतर खलाशांनी ओझी उचलली, अंबाजीरावांनी विद्या उचलली. तबकडीवर रोमन आकडे होते, नुसत्या काठ्या आणि फुल्या, आणि ते त्यांना एकापासून बारापर्यंत तोंडपाठ येत. बारानंतरही काही विद्या असते अशी शंका त्यांना कधी आली नाही. बारानंतर घड्याळ स्वतःच पुन्हा एकावर येतं. त्यापुढे असतं तर गेलं नसतं का?

छत्तीस साली गावी परतून त्यांनी घर बांधलं आणि दारावर साल कोरून घेतलं. एक, नऊ, तीन, सहा. घड्याळावर जसे दिसतात तसे चारही आकडे एकापुढे एक. सहाचा आकडा तबकडीच्या तळाशी डोकं खाली करून असतो, म्हणून दारावरही तो डोकं खाली करूनच बसवला. गाव येताजाता वर बघायचं. हे साल आहे की सुताराने टाकलेली खूण आहे, हे कुणाला कळेना. विचारावं तर आपल्याला कळत नाही हे उघडं पडणार. म्हणून कुणी विचारलं नाही, आणि अंबाजीराव विद्वान झाले.

"आपले आकडे म्हंजी गोगलगायी," ते पारावर सांगत. "साहेबाचा आकडा बघा. शिपायावानी उभा."

चाळीस साली गावाने अंगमेहनतीने विहीर खणली. पाणी गोड लागलं. आता आंबीची रीत अशी, की विहिरीला सालाचा दगड बसून त्यावर नारळ फुटल्याशिवाय तिच्यात घागर बुडवायची नाही. लोणावळ्याला बंगल्यांच्या फाटकांवर पाट्या कोरणारा फकरुद्दीन बोलावला गेला. भिमाजी पाटील म्हणाले, "शके घाला, म्हंजी झालं."

"शके?" अंबाजीराव म्हणाले. "आन् सोमाटण्याची मानसं बघायला आली तर? आंबीला साहेबाचा आकडा येत न्हाई म्हनतील."

शेजारचं सोमाटणं हसेल या एका भीतीवर आंबी गाव चालत असे. रोमन आकडा मंजूर झाला.

अंबाजीराव कोळशाने दगडावर काढू लागले आणि मागोमाग फकरुद्दीनची छिन्नी चालू लागली. एक काठी झाली. नऊ झाले. घड्याळावर चाराला चार काठ्या असतात, त्या चारही झाल्या.

"पुढं?" फकरुद्दीन म्हणाला.

अंबाजीरावांचा कोळसा हवेतच राहिला. ते मनातल्या मनात शिडीवर चढले. तबकडीवरून एकदा फिरले, पुन्हा फिरले. शून्य कुठेच नव्हतं. त्या घड्याळात शून्य कधी वाजलंच नव्हतं.

"अंबाजीभाऊ," फकरुद्दीन म्हणाला, "बंगल्यांवर साल कोरायचं असलं की मला कागदावर एम, सी, एम अशी अक्षरं लिहून देतात."

"ती सालं न्हाईत. मालकांची नावं ती."

"सगळ्याच मालकांची नावं एमपासून?"

"साहेबांच्यात तशी रीत असती."

फकरुद्दीनने मान डोलावली. पाथरवटाने दगड कोरावा, वाद कोरू नये, असा त्याचा बाणा होता.

संध्याकाळी अंबाजीरावांनी पारावर जाहीर केलं, की हे साल विहिरीला वर्ज्य आहे. विलायतेत यंदा एकही विहीर उघडलेली नाही, हवी तर चौकशी करा. विलायतेत तेव्हा लढाई चालू होती, आणि नसती तरी आंबीतून चौकशीला कोण जाणार होतं? विहीर एक्केचाळीस सालात उघडायची ठरली. त्या सालाच्या शेवटी एक काठी आली की काम भागत होतं. पुरुषांनी हा ठराव फार समजूतदारपणे मान्य केला. पाणी बायका आणत होत्या.

वैशाख चालू होता. भरलेल्या विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या गेल्या, आणि बायका तिच्या काठाकाठाने नदीवर जाऊ लागल्या.

झुंबरबाई ही अंबाजीरावांची थोरली बहीण. गुडघ्यांनी तिच्याशी कधीच वैर धरलेलं. एका सकाळी नदीवरून येताना तिने भावाच्या ओट्यावर घागर आदळली.

"अंब्या, इहीर का झाकून ठिवलीस रं?"

"आक्का, तुला त्यातलं कळायचं न्हाई. साल बसत न्हाई."

"कुटं बसत न्हाई?"

"दगडावर. शेवटाला शून्य येतंय, आन् साहेबाच्यात शून्यच न्हाई."

"साहेबाच्यात न्हाई?"

"न्हाई. साहेबाकडं समदं भरलेलंच असतं."

झुंबरबाईने पदराने मान पुसली. "शून्य म्हंजी किती?"

"काईच न्हाई."

"मग काईच न्हाई ते कोरायला तुला पाथरवट लागतोय व्हय? जागा सोड मोकळी. आन् तेवडंबी जमत न्हाई म्हनत असशील, तर उद्यापासनं ही घागर तू उचल."

बाईमाणसाच्या अकलेवर अंबाजीराव बराच वेळ हसले. मग त्यांचं लक्ष घागरीकडे गेलं आणि हसू थांबलं. दुपारी त्यांनी फकरुद्दीनला निरोप धाडला आणि पारावर सांगितलं, की साहेबाच्या शास्त्रात शून्याची जागा मोकळी सोडतात. हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, गावाला दम किती आहे ते बघत होतो. गावाला आपल्या दमाचं फार कौतुक वाटलं.

दगड बसला, नारळ फुटला, झुंबरबाईने पहिली घागर बुडवली.

आठवड्याभरातच सोमाटण्याची चार माणसं विहीर बघायला आली. त्यांच्यात हौशीराम होता. हा पूर्वी स्टेशनात अंबाजीरावांची शिडी धरत असे, त्यामुळे बारापर्यंत त्यालाही येत होतं. हौशीरामने दगडावर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "एक. नऊ. चार. एकशे चौऱ्याण्णव. अंबाजीभाऊ, ही इहीर सन एकशे चौऱ्याण्णवची?"

सगळं गाव अंबाजीरावांकडे बघू लागलं. मोकळी जागा म्हणजे शून्य, हे सांगावं तर सोमाटणं तिथेच आडवं पडून हसलं असतं.

"मग?" अंबाजीराव म्हणाले. "कार्ल्याची लेनी काय काल कोरली व्हय?"

सोमाटण्याच्या माणसांनी आत वाकून पाहिलं. "पानी मातर ताजं दिसतंय," एकजण दबक्या आवाजात म्हणाला, आणि चौघांनी पायताणं काढली. ज्यांच्या हातांवर कुदळीचे फोड अजून फुटायचे होते, त्या भिमाजी पाटलांनीही हात जोडले. पाठोपाठ गावाने जोडले.

"आपन खनली न्हवं ती?" झुंबरबाईने विचारलं. तिने घागर कंबरेवर घेतली आणि ती घरी गेली.

पुढच्या साली सोमाटण्यानेही विहीर खणली आणि साल घालायला मानाने अंबाजीरावांना बोलावलं. दगडाजवळ बसल्यावर हौशीरामने त्यांना जरा बाजूला घेतलं.

"अंबाजीभाऊ," तो म्हणाला, "आमच्यात शेवटचे दोन आकडे मोकळे सोडा. आंबीपरीस जुनी दिसली पायजे."