चौदा नंबरची पिकअप

गिटारदुरुस्तीच्या दुकानात बसलेल्या डेल होक्स्ट्राचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. जुन्या इलेक्ट्रिक गिटारची पिकअप, म्हणजे तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणारी चुंबकाची पट्टी, उलटी धरून तो तळावरचं मेण टाचणीने खरवडत होता आणि मेण काही हटायचं नाव घेत नव्हतं. शेवटी एकदाचा आकडा दिसला. सहा.

"मसणात जा!" म्हणत त्याने ती दुरुस्तीच्या ढिगात टाकली.

मॉडेलचं अक्षर आणि सालाचा शिक्का तो झोपेतही वाचू शकला असता. त्यापुढचा सुटा आकडा मात्र तार गुंडाळणाऱ्या बाईचा, असा त्याचा ठाम समज. कॅलामझू गावच्या गिटार कारखान्यात त्याची आई, आर्डिथ, बारा वर्षं चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळत होती. तिच्या हजेरीच्या बिल्ल्यावर चौदा होतं. ती गेल्यापासून अकरा वर्षं डेल तिच्या हातची एक तरी पिकअप शोधत होता. दुकानं पालथी घातली, प्रदर्शनं धुंडाळली, पण चौदा म्हणून दिसेल तर शपथ!

वैतागून तो आईच्या शेजारी बसून काम केलेल्या जोहानामावशीकडे गेला. त्याचं ऐकून म्हातारी खो खो हसली.

"चौदा? अरे वेड्या, मशिनंच मुळी नऊ होती! तो आकडा मशीनचा. बिल्ला नुसता हजेरीपुरता."

"मग आई कुठल्या मशीनवर असायची?"

"कुठल्या म्हणून सांगू? चांगलं मशीन एकीनेच बळकावू नये म्हणून दर सोमवारी चिठ्ठ्या टाकायचो. तुझी आई तर भांडायची मेली!"

"म्हणजे एक ते नऊ, कुठलीही तिची असेल?"

"असेल की. तुझ्या हाताखालून इतक्या गेल्या, त्यांत तिच्या पुष्कळ निघतील. बिस्किट घे."

डेलने बिस्किटाला हात लावला नाही. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला होता.

"मावशी, बंद पडलेली पिकअप आली की मी जुनी तार ब्लेडने उभी कापून फेकतो, नवी गुंडाळतो. चौदा नसला की पुन्हा बघतसुद्धा नाही."

"किती कापल्यास?"

"मोजल्या नाहीत."

जोहानामावशीचं हसू मावळलं. तिने बशी बाजूला सरकवली.

"एकदा विचारायचंस रे," ती म्हणाली. "अकरा वर्षं मी इथेच तर आहे, तुझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर."