योग्य द्रावक

मधुरा तिरोडकर हिचं पत्र मला १५ एप्रिल २०११ रोजी मिळालं. तारीख सांगता येते, कारण आलेल्या प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने तारीख टाकायची मला सवय आहे. पत्र मराठीत होतं, हाताने लिहिलेलं, दोन पानी. ही मुलगी मालवणजवळच्या समुद्रात मिळणाऱ्या एका स्पंजावर पीएच.डी. करत होती. स्पंज हा प्राणी आहे. खडकाला चिकटून जन्म काढतो, पळता येत नाही, म्हणून स्वतःच्या बचावासाठी शरीरात नाना रसायनं तयार करतो. त्यांतली काही माणसाची सूज उतरवतील अशी आशा पुष्कळांना आहे. मलाही होती. त्या स्पंजाच्या अर्काने पांढऱ्या उंदरांच्या पंजाची सूज निम्मी उतरते, असा निबंध मी २००६ साली छापला होता.

तिला तो परिणाम मिळत नव्हता. तीनदा करून पाहिलं, माझंच काही चुकत असणार, असं तिने लिहिलं होतं. मग दोन प्रश्न होते. अर्क 'योग्य द्रावकात विरघळवून' दिला असं तुम्ही म्हणता, तर तो द्रावक कोणता? आणि ज्या उंदरांना अर्क दिला नाही, त्यांना नुसता तोच द्रावक दिला होता का?

शेवटच्या ओळी अशा होत्या: "अर्क संपत आला आहे. स्पंज पंचवीस मीटर खाली असतो. आमच्यासाठी जितेंद्र कुबल उतरतात. त्यांच्या पत्नीला हे पसंत नाही. मेअखेर पावसाळ्यासाठी समुद्र बंद होईल. आपलं उत्तर आलं तर त्यांना पुन्हा पाठवायचं की नाही हे ठरवता येईल."

मी उत्तर दिलं नाही.

दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती. मी भोपाळच्या एका खाजगी फार्मसी कॉलेजात शिकवत असे. समुद्र इथून इतका लांब की तो स्पंज मी जिवंत कधी पाहिलाच नाही. माझा मित्र श्रीकांत एका सागरी मोहिमेवर होता, त्याने अल्कोहोलमध्ये बुडवलेले तुकडे बरणीत घालून पाठवले. अर्क काढला तर तो पाण्यात विरघळेना, गाठी राहत. स्टोअरमध्ये डीएमएसओ नावाच्या द्रावकाची बाटली पडून होती, त्यात तो लगेच विरघळला. नियमाप्रमाणे तुलनेच्या उंदरांनाही तोच द्रावक द्यायला हवा होता. पण प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने मंजूर केलेल्या आराखड्यात त्यांच्यासाठी सलाइन लिहिलं होतं. बदल करायचा तर समितीची पुढची बैठक तीन महिन्यांनी, आणि तोवर उंदीर ठरलेल्या वजनाच्या पुढे गेले असते. मी आराखडा पाळला. एका गटाला अर्क आणि डीएमएसओ, दुसऱ्याला सलाइन. उंदराचा पंजा पाऱ्यात बुडवायचा, पारा किती चढला ते बघायचं, लिहायचं. आकडे फार सुंदर आले.

निबंध छापून सहा महिने झाल्यावर वाचनालयात एक जुना लेख हाती लागला. डीएमएसओ स्वतःच सूज उतरवतो. मी तो अंक कपाटात जागच्या जागी ठेवला आणि घरी आलो. सुलभा, माझी बायको, बोटांना गरम पाण्याचा शेक देत बसली होती. तिला संधिवात आहे, तेव्हाही होता. तिने विचारलं, काय म्हणतोय तुमचा स्पंज? मी म्हणालो, औषध व्हायला दहा वर्षं तरी लागतात.

असं चार वर्षं चाललं, आणि मग ते पत्र आलं. आज लिहितो, उद्या लिहितो असं करताना जून लागला. समुद्र बंद झाला असेल, आता लिहून उपयोग नाही, असं मी स्वतःला सांगितलं. मला त्यात हायसं वाटलं, हेही लिहायला हवं.

गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याची, उदयची मुलगी सायली आमच्या आनंद नगरच्या घरी आली. ती इथेच एम.फार्म. करते. आनंदात होती. तिच्या सरांनी तिला प्रबंधासाठी तोच स्पंज दिला होता.

"आजोबा, आपका पेपर बत्तीस लोगों ने साइट किया है. सर तर म्हणाले, अरे, ये तुम्हारे घर के हैं? मेरा तो एकदम भाव बढ़ गया."

"यांचा घरात कधी वाढला नाही," सुलभा म्हणाली.

सायलीने छापून आणलेल्या कागदांत मधुरा तिरोडकरचा प्रबंधही होता, २०१३ सालचा. मी कुठलंही पुस्तक घेतलं की आधी ऋणनिर्देश वाचतो. सुलभा त्यावरून टोमणे मारते की पुस्तक राहिलं बाजूला, हे आभारच वाचत बसतात. तसंच मी ते पान उघडलं. पहिलाच परिच्छेद जितेंद्र कुबल यांच्याविषयी होता. २१ मे २०११ रोजी ते या कामासाठी चौथ्यांदा खाली उतरले. वर येताना काहीतरी बिघडलं. ओरोसच्या रुग्णालयात नेईपर्यंत ते गेले. त्यांची पत्नी अपर्णा आणि दोन मुली यांची मी कायमची अपराधी आहे, असं मधुराने लिहिलं होतं.

मी शेवटचं प्रकरण काढलं. अर्काचा सुजेवर परिणाम आढळला नाही. आधीच्या निबंधाशी हा निष्कर्ष जुळत नाही, त्याचं कारण सांगता येत नाही. 'मूळ लेखकाकडे विचारणा केली होती.' एवढंच. पुढे एकही कडू शब्द नव्हता.

पत्र मिळालं त्या दिवसापासून छत्तीस दिवस होते. भोपाळहून मालवणला टपाल आठवड्यात पोचतं.

सायली गेल्यावर मी सुलभाला सगळं सांगितलं.

"ते पत्र मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला वाटलं, बाईचं पत्र म्हणून लाजलात."

मी म्हणालो, माझं उत्तर गेलं असतं तरी कदाचित तिने कुबलांना पाठवलंच असतं. कदाचित पत्र गहाळ झालं असतं. मला खरोखरच काही कळत नाही.

"असेलही. पण ते तिनं ठरवायचं होतं." मग हातांकडे बघत ती म्हणाली, "आणि मी वर्षानुवर्षं त्या स्पंजाची वाट बघत होते. मलाही सांगितलं नाहीत."

मी उठून तिच्यासाठी पाणी गरम केलं. तिने बोटं बुडवली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सायलीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, आणि ते बत्तीस जण? मी म्हणालो, नियतकालिकाला कळवायला हवं. त्याची भाषा मी सांगितली, ईमेल तिने केला. तिच्या सरांनी तिला विषय बदलून दिला, फारसा गोडीने नाही. अजूनही ती फोनवर मला आजोबा म्हणते, पण पूर्वीसारखी घरी येत नाही. मधुराचा पत्ता मात्र तिनेच शोधून पाठवला. मधुरा आता कणकवलीला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. प्रबंधानंतर तिने संशोधनाचं काहीच छापलेलं नाही, असं सायलीने पत्त्याखाली लिहिलं होतं.

माझं पहिलं पत्र सात पानांचं झालं. त्यात माझा भित्रा स्वभाव होता, समितीच्या बैठका होत्या, सुलभाची बोटं होती. सुलभाने ते चष्मा लावून वाचलं.

"यात सगळीकडे तुम्हीच रडताय," ती म्हणाली. "तिनं विचारलं होतं ते कुठाय?"

ते पाचव्या पानावर होतं.

मी पुन्हा लिहिलं. या वेळी एकच पान झालं. द्रावक डीएमएसओ होता. तुलनेच्या उंदरांना तो दिला नव्हता, सलाइन दिलं होतं. त्यामुळे माझा निष्कर्ष चुकीचा होता आणि तुमचा बरोबर. हे मला २००७ पासून माहीत होतं. तुमचं पत्र मला १५ एप्रिललाच मिळालं होतं, आणि उत्तर दिलं असतं तर जितेंद्र कुबल यांना मे महिन्यात खाली उतरवण्याचं कारण उरलं नसतं. हे पत्र अपर्णाताईंना दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दाखवलंत तर माझी हरकत नाही, असं वाक्य आधी लिहिलं होतं. हरकत घेणारा मी कोण, म्हणून खोडलं आणि पान पुन्हा उतरवून काढलं. क्षमा मागावी की नाही हे ठरेना. मागितली की तिला काहीतरी द्यावं लागतं. शेवटी मागितली नाही. ते बरोबर केलं की नाही, मला माहीत नाही.

पिपलानीच्या पोस्टात सकाळी गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं आणि विचारलं, "अंकल, अर्जेंट है क्या? स्पीड पोस्ट कर दूँ?"

मी हो म्हणालो. त्यांनी पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.