दवाखान्याचे पडदे

जिचं तोंड जन्मात पाहिलं नव्हतं, अशा एका वारलेल्या म्हातारीच्या घरी रंगारीणबाई अर्धा दिवस मान खाली घालून बसून आली. का, तर ती थोरल्या दिरांच्या मित्राची मावशी, आणि सांत्वनाला घरातली बाई गेलीच पाहिजे. मित्र दिरांचा, पण दिरांना काही जायचं नव्हतं. "तू बिनघोर जा गं, तोवर मी बसतो इथे," म्हणाले आणि बसले तिच्याच खुर्चीत, पायावर पाय टाकून.

कापड रंगवायचा हा धंदा तिने एकटीने उभा केला होता. दवाखान्याचे पडदे ही तिची पहिली मोठी ऑर्डर. फिकट निळा रंग भारी नाठाळ. कढईत आधीच्या रंगाचा अंश राहिला, की सगळं मातीत. म्हणून तिने कढई सोड्याने घासूनपुसून लख्ख केली होती आणि कामावरच्या भट्टीकाकांना बजावलं होतं, मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

परत आली तर दोऱ्यांवर पडदे वाळत होते. निळे कसले, नुसते जांभळे चट्टे!

"अगं, त्या मावशीवाल्या मित्राच्या हॉटेलचे टेबलक्लॉथ लाल करून हवे होते," दीर म्हणाले. "त्याला नाही कसं म्हणू? मग तुझं काम अडायला नको म्हणून कढई पाण्याने विसळली आणि पडदेही उरकून टाकले."

म्हणजे ती तिकडे त्या मित्राच्या मावशीसाठी डोळे पुसत होती, आणि इकडे तो मित्र टेबलक्लॉथ रंगवून घेत होता! आणि वर पुन्हा हे उपकार केल्यासारखं सांगणं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याचे साहेब माल बघायला यायचे होते. सकाळी नवरा हळूच म्हणाला, "हे बघ, दादाचं नाव घेऊ नकोस. परक्यापुढे थोरल्याचा अपमान बरा नाही. माझ्याकडून चुकलं म्हण आणि मोकळी हो."

"मोकळी होऊ? परत कोण काम देईल मला?"

तो चपला शोधायला लागला. अडचणीच्या वेळी या माणसाच्या चपला नेमक्या हरवतात.

साहेब आले, चट्टे बघून त्यांचा चेहरा उतरला. तिने तोंड उघडायच्या आत दीर पुढे सरसावले. "काय करणार साहेब, बायकांच्या हाती धंदा दिला की हे असं होतं. आजपासून मी जातीने लक्ष घालतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"साहेब, हे भाऊजींनी केलंय. मला सांत्वनाला धाडलं, माझ्या कढईत यांच्या मित्राचं लाल कापड टाकलं आणि ती नीट न घासता तुमचे पडदे घातले. हात लावू नका, असं मी सांगून गेले होते." तिने चट्टे पडलेल्या पडद्याचं टोक साहेबांपुढे धरलं. "मी पुन्हा रंगवून देते. कापड माझ्या खर्चाने आणते."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या नवऱ्याकडे वळून विचारलं, "खरं का हो?"

नवऱ्याने भावाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, तिच्याकडे तेवढं बघितलं नाही. साहेबांनी निघायला आपली पिशवी उचलली.

तेवढ्यात भट्टीकाका पुढे आले. "साहेब, बाई म्हणतात तसंच झालं. थोरल्यांनी सांगितलं म्हणून मीच घातलं कढईत."

"असं होय!" साहेबांनी पिशवी खाली ठेवली. "मग आधी सांगायचं नाही का!"

आधी! मग ती इतका वेळ काय भिंतीशी बोलत होती? ऑर्डर वाचली होती, आनंद व्हायला हवा होता, पण तिला कढई उपडी करावीशी वाटली. तिच्या इतक्या बोलण्याला काडीचं वजन नव्हतं, आणि तिच्याच पगारी माणसाच्या दोन वाक्यांवर साहेबांची खात्री पटली.

"ठीक आहे, पुन्हा रंगवा," साहेब म्हणाले. "पण काका, यावेळी जबाबदारी तुमची."

काका चटकन मागे सरकले. दीर खाकरले, नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. ती आता गप्प राहिली असती तर सगळं गोडीगुलाबीत मिटलं असतं.

"साहेब," ती म्हणाली, "जबाबदारी माझी आहे. ती माझ्याकडे बघून द्या, नाहीतर पडदे उचला आणि चालू लागा."