चार वाजून दहा मिनिटांची पट्टी

यॉर्कशायरच्या शेतांमध्ये उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीवर ऋजुताला नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झाले होते. दूरच्या ताऱ्यांभोवती कुणी बुद्धिमान जीव राहत असतील, तर त्यांच्या यंत्रांची एखादी खूण रेडिओलहरींत सापडते का, हे तिची टीम शोधत होती. या नागपूरच्या मुलीच्या वाट्याला मात्र आली एक कटकट. जवळजवळ रोज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तिच्या स्क्रीनवर एक पांढरी पट्टी उमटायची आणि खालचं सगळं झाकून टाकायची.

"ही इथलीच आहे," तिची वरिष्ठ हेलन म्हणाली. "दुर्बीण कुठेही वळवली तरी दिसते. कुठल्या घरातून येते ते शोधून काढ. पण जायच्या आधी एक कागद लिहून दे. हीच पट्टी एखाद्या ताऱ्याकडून आली असती, तर पाठवणाऱ्याबद्दल तू काय सांगितलं असतंस?"

ऋजुताने नोव्हेंबरपासूनची नोंद काढली. दोन दिवस ती त्यातच होती. तिने लिहिलं: त्याच्याकडे घड्याळ आहे. तो सात दिवसांचा आठवडा पाळतो, कारण दर गुरुवारी पट्टी नसते. काम थांबत थांबत करतो. जानेवारीत अकरा दिवस काहीच नाही, बहुधा सुट्टी. त्यानंतर पाचला संपणारी पट्टी साडेसहापर्यंत लांबली, बहुधा थंडीमुळे.

मग हातात धरायचा अँटेना आणि त्याला जोडलेला मीटर घेऊन ती गाडीने निघाली. तीन मैलांवरच्या गावात, चर्चच्या मागच्या गल्लीत, मीटरचा काटा टोकाला गेला. दारावर पाटी होती: डॉ. के. व्ही. बर्वे.

दार उघडणाऱ्या बाई, लीलावती बर्वे, सत्तरीच्या पुढच्या होत्या. अंगात कार्डिगन, खांद्यावर मोजपट्टी. ऋजुताने इंग्रजीत सुरुवात केली, पाटीकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "काकू, तुमच्याकडे आत्ता काय चालू होतं?"

मराठी ऐकून लीलावतीबाईंनी दार पुरतं उघडलं. "शिवणाचं मशीन," त्या म्हणाल्या. "का गं? काय झालं?"

जुनं मशीन होतं, टेबलाखाली त्याची मोटर. झाकण काढून ती चालवल्यावर ऋजुताला आत निळ्या ठिणग्या दिसल्या; त्यांच्यातून निघणाऱ्या रेडिओलहरीच तिच्या स्क्रीनवर पट्टी काढत होत्या. शेजारी छोट्या छोट्या दुपट्यांची चळत होती.

"लीड्सच्या हॉस्पिटलात वेळेआधी जन्मलेली बाळं असतात ना, त्यांच्यासाठी. गुरुवारी ट्रेनने नेऊन देते."

ऋजुताने कागद बाहेर काढला नाही, पण विचारल्यावाचून तिला राहवेना. "काकू, जानेवारीत तुम्ही कुठे गेला होतात का? अकरा दिवस?"

"कुठे जाणार? हे गेले." बाईंनी दुपट्याची कड बोटाने सरळ केली. "बाराव्या दिवशी परत बसले मशीनवर. पाचला यांचा चहा असायचा, तेव्हा उठायचे. आता कशाला उठायचं? तुला कसं गं कळलं?"

 खंड ऋजुताने अगदी बरोबर मोजला होता. एका घरातलं माणूस गेल्याचं तिच्या स्क्रीनवर उमटलं होतं आणि तिने त्यापुढे सुट्टी असं लिहिलं होतं. त्या मोकळ्या अकरा ओळी तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

तिने सगळं सांगितलं, दुर्बिणीपासून कागदापर्यंत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी शिवते ते तिथे दिसतं," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, आता कुणाला काही कळत नाही."

दुसऱ्या दिवशी ऋजुताने मोटरला एक छोटासा भाग जोडून दिला. ठिणग्या आत राहिल्या आणि स्क्रीन स्वच्छ झाला. हेलनने तो कागद मागितला. वाचून आणि खरं काय ते ऐकून झाल्यावर तिने सुट्टी या शब्दाखाली रेघ ओढली आणि कागद भिंतीवर लावला.

शनिवारी ऋजुता काकूंना दुर्बीण दाखवायला घेऊन आली. लांबून पांढऱ्या बशीसारखी दिसणारी ती तबकडी जवळ गेल्यावर आभाळ झाकत होती. दोघी तिच्या खाली उभ्या राहिल्या. वारा पडला होता.

"आत्ता कुठे बघतेय ही?"

"एका ताऱ्याकडे. आज तिथून काही पोचलं, तर ते एक्केचाळीस वर्षांपूर्वी निघालेलं असेल."

"ते मुद्दाम पाठवतील?"

"तसं काही नाही. नुसते राहत असले तरी पुरे. काही चालवत असतील, काही बंद करत असतील."

काकूंनी मनाशी हिशेब केला. "एक्केचाळीस वर्षांपूर्वी आम्ही हीथ्रोला उतरलो. यांच्या हातात दोन बॅगा होत्या." त्या वर बघत राहिल्या. "म्हणजे तिथून कुणी आत्ता बघत असेल, तर त्याला हे दिसतील."

"हो," ऋजुता म्हणाली. तिने ती संख्या कितीतरी वेळा टाइप केली होती. त्या बाजूने ती तिने कधी मोजली नव्हती.

तेवढ्यात वर कुठेतरी मोटरी सुरू झाल्या. शेकडो टनांचं ते पोलाद ताऱ्याच्या मागोमाग इतकं सावकाश वळू लागलं की आधी त्याची जमिनीवरची सावलीच सरकताना दिसली. काकूंनी हातमोजा काढून खांबाला तळवा लावला आणि ऋजुतालाही खुणेनेच जवळ बोलावलं. पोलाद बारीक थरथरत होतं.