पाठीला चिमटे लावलेला कोट

मी एक जुना कोट आहे, मित्रांनो, आणि त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही. फोटोच्या दुकानात, निळ्या पडद्याच्या मागे, एका खिळ्यावर मी लटकतो. रंग काळा. निदान दुकानातल्या दिव्याखाली तरी काळाच दिसतो. उन्हात नेऊन माझी परीक्षा कुणी घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुम्ही म्हणाल, एका जुन्या कोटाला एवढा ताठा कशाचा? अहो, या शहरातल्या अर्ध्या लोकांच्या नोकरीच्या अर्जावर जो फोटो चिकटवलेला आहे ना, त्यात मान त्यांची आहे आणि खांदे माझे आहेत. मग असणारच ताठा!

माझा जन्म झाला तो एका आडदांड नवरदेवासाठी. शिंप्याने मापं घेतली, अस्तर चांगलं लावलं, खिशांना दुहेरी शिलाई मारली. आणि ऐन वेळी लग्न मोडलं. नवरदेव मला न्यायला फिरकलाच नाही. शिंप्याने बरेच दिवस त्याच्या नावाने बोटं मोडली आणि शेवटी मला आपल्या दोस्ताच्या, म्हणजे फोटोवाल्या काकांच्या गळ्यात मारलं. काका मोठे धोरणी. अर्जासाठी कोटातला फोटो हवा, असं सगळ्या जाहिराती सांगत होत्या, आणि शहरात कोट होता कुणाकडे? म्हणून त्यांनी मला विकत घेतलं आणि खिळ्यावर टांगलं.

पण मी कुणालाच बसत नव्हतो. तो नवरदेव होताच तसा! तेव्हा काकांनी शक्कल काढली. माणसाला स्टुलावर बसवायचं, मला अंगात चढवायचं, मागून जेवढं कापड जास्त होईल तेवढं मुठीत धरायचं आणि कपडे वाळत घालायचे चिमटे लावून टाकायचे. समोरून बघाल तर साहेब, मागून बघाल तर वाळत घातलेलं धुणं. कमरेखाली तर आनंदच. कुणी अर्ध्या चड्डीत, कुणी गुडघ्यापर्यंत सिमेंटने माखलेला. फोटोत ते कुठे येतं?

दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात काकू कॉम्प्युटरवर अर्ज लिहून देतात. त्यांनी फार वर्षांपूर्वी एक साचा बनवला आणि त्यातूनच त्या सगळ्यांना काढतात. प्रत्येक जण प्रामाणिक, मेहनती आणि मनमिळाऊ. प्रत्येकाचा छंद वाचन आणि पोहणे. आमच्या शहराला ना नदी, ना तळं. एकदा एका सुताराने भीत भीत विचारलं, "काकू, मला पोहता येत नाही, चालेल ना?" काकू म्हणाल्या, "नुसतं वाचन बरं दिसत नाही रे. जोडीला काहीतरी हवं."

तर असे आमचे उमेदवार. त्यांच्या चुकांना लोक पोट धरधरून हसतात, ते मी ऐकलंय. एका आचाऱ्याने अर्जाला बारशातला फोटो लावला आणि गर्दीत बाण काढून 'हा मी' असं लिहिलं. रात्रपाळीच्या एका पहारेकऱ्याने 'आधीची नोकरी का सोडली' या रकान्यात लिहिलं होतं, 'झोप पूर्ण होत नव्हती.' एक शिकवणीवाल्या बाई शाळेच्या फोनची वाट बघून इतक्या वैतागल्या होत्या, की फोन आल्यावर "कोण ते सांगा नाहीतर ठेवा!" म्हणून खेकसल्या. पलीकडे मुख्याध्यापिका होत्या, त्यांनी ठेवला. आणि तो लाजाळू पोरगा! मुलाखतीला वडिलांना घेऊन गेला. सगळी उत्तरं वडिलांनीच दिली, तर नोकरीसुद्धा वडिलांनाच देऊ केली. दोघं परत आले तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते.

हसा, हसा. मीही हसलोय, पार अस्तर उसवेपर्यंत. पण जरा जाहिरातीही वाचा की राव! काकू मोठ्याने वाचतात, म्हणून मला ठाऊक. 'वय पंचविसाच्या आत, अनुभव वीस वर्षं.' आता हा माणूस पाळण्यातून कामावर गेला असेल की काय? जाहिरात देणाऱ्यांच्या चुकीला मात्र कुणी हसत नाही. ती निमूटपणे वाचायची आणि आपणच मान खाली घालायची. हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

आता ठसकाची गोष्ट सांगतो. खरं तर तिच्यासाठीच मी तोंड उघडलंय.

ठसका हे तिचं टोपणनाव. बोलली की समोरच्याला ठसका लागायचा, म्हणून. लोखंडाच्या कारखान्यात ती क्रेन चालवायची. छपराखालून रुळांवर फिरणारी ती अवाढव्य क्रेन, वर काचेची केबिन, आणि केबिनमध्ये ठसका. पण तिची नोकरी कच्ची होती. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, पुकारा झाला तर काम, नाहीतर आल्या पावली घरी. घरी बेकरीत राबणारा नवरा, दोन मुली आणि सासूबाई. कारखान्यात क्रेनची एक पक्की जागा निघाली होती. ठसकाचं वय बसेल अशी ही शेवटचीच जाहिरात. ही जागा हुकली की जन्मभर फाटकाशी उभं राहणं नशिबी होतं.

आधी दोनदा तिची संधी गेली होती. पहिल्या वेळी काकांच्या हातून फोटोंच्या पाकिटांची अदलाबदल झाली. दोन्ही फोटोंत कोट मीच, त्यामुळे वरचा चेहरा कुणी नीट पाहिलाच नाही. ठसकाच्या अर्जावर एका टकल्या न्हाव्याचा फोटो गेला. दुसऱ्या वेळी मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुमच्यातला एखादा दोष सांगा." ती म्हणाली, "तोंड." साहेब म्हणाले, "म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही हे विचारलंत, तर तुमच्यातलाही सांगा, असं म्हणावंसं वाटतंय." झालं!

तिसऱ्या वेळी सासूबाई स्वतः सोबत आल्या. छोट्याशा चणीच्या, हातात कापडी पिशवी, आणि आवाज असा की पडद्यामागे मी सरळ झालो.

"काकू, हिला या खेपेला नीट लिहून द्या. आणि हिला बोलायला शिकवा. नाही, बोलायला नको, गप्प बसायला शिकवा."

"आई!" ठसका म्हणाली.

"आई काय आई? तोंडाला कुलूप घाल एक दिवस. पक्की झालीस की खुशाल बोल, सगळ्या कारखान्याला बोल."

काकूंनी साचा उघडला. सगळं भरत भरत त्या 'आधीची नोकरी का सोडली' या रकान्यापाशी आल्या आणि थांबल्या. कारण ठसका आधी दुसऱ्या एका कारखान्यात पक्कीच होती आणि तिला तिथून काढलं होतं. त्या दिवशी खाली माणसं काम करत होती. मुकादम घाईला आलेला. माणसं हलवायला वेळ नाही, तसाच माल त्यांच्या डोक्यावरून ने, म्हणाला. ठसकाने क्रेन बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून बसली. संध्याकाळी तिच्या हातात नारळ.

"वैयक्तिक कारणास्तव," असं म्हणत काकूंनी टाइप करून टाकलं. "हकालपट्टी झाली असं कुणी लिहीत नाही गं बाई. आणि विचारलं तरी हेच सांगायचं. जुन्या मालकाबद्दल वाईट बोललेलं कुठल्याच मालकाला खपत नाही."

"खोटं बोल पण रेटून बोल," सासूबाईंनी शिक्का मारला. ठसकाने निमूट सही केली. ती अशी निमूट झाली की मला काळजी वाटते.

मुलाखतीचं बोलावणं आलं, त्यात 'नीटनेटक्या पोशाखात यावे' असं लिहिलेलं. काकांनी ठरवलं, फोटोत कोट आहे तर अंगातही हवा. आणि अशा रीतीने, मित्रांनो, मी पहिल्यांदा उन्हात निघालो. मागे ओळीने चिमटे. काकांनी दारातून बजावलं, "काही झालं तरी पाठ दाखवू नकोस. येताना उलट पावली ये."

खोलीत तिघं बसले होते. मधे मोठे साहेब, डावीकडे भरतीचं काम बघणाऱ्या बाई, उजवीकडे क्रेन विभागाचे प्रमुख. हे प्रमुख पिकलेल्या मिशांचे, नुसते चहाचा कप फिरवत बसलेले. ठसका पाठ भिंतीला लावूनच आत शिरली, खेकड्यासारखी. खुर्चीवर टेकली. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मोठे साहेब म्हणाले, "वारा फार येतोय. जरा ती खिडकी लावता का?"

खिडकी तिच्या मागे होती.

ती उठली, आणि काय करणार, वळली. आधी भरतीच्या बाईंच्या नाकातून आवाज आला. मग मोठे साहेब. एवढे हसले, एवढे हसले, की डोळे पुसायला रुमाल काढला. मला जो राग आला म्हणून सांगू! त्यांच्याच जाहिरातीने मागितला होता ना कोट? फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बाईकडे कोट कुठून येणार, हे विचारलं होतं का कुणी?

ठसकाने खिडकी लावली. मग एकेक चिमटा काढला, टेबलावर ठेवला, मला अंगातून उतरवलं आणि खुर्चीच्या पाठीवर नीट घातलं. खाली तिचा रोजचा कामाचा सदरा होता, बाहीवर वंगणाचा डाग.

"हा फोटोच्या दुकानातला आहे," ती म्हणाली. "माझा नाही. आता विचारा."

साहेबांनी हसू आवरत अर्ज उचलला. "छंद पोहणे, असं लिहिलंय."

"मला पोहता येत नाही. अर्ज लिहून देणाऱ्या काकू सगळ्यांनाच पोहायला लावतात."

"तरीच!" भरतीच्या बाई म्हणाल्या. "सकाळपासून सगळे पोहणारेच येताहेत."

पुन्हा हशा झाला. पण साहेबांचं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. "आधीची पक्की नोकरी सोडलीत. वैयक्तिक कारण कोणतं?"

खुर्चीवरून मी मनात म्हणत होतो, रेट, बाई, रेट! फक्त एकदा रेट. मुली आहेत, म्हातारी आहे, उद्याचा पुकारा आहे. घरातल्या आजारपणाचं सांग. काहीही सांग.

"सोडली नाही, काढलं," ठसका म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं, मुकादमासकट, किल्लीसकट.

साहेबांचा चेहरा उतरला. "हे पाहा, आधीच्या मालकांबद्दल मुलाखतीत असं बोलायचं नसतं."

"मग विचारायचं नसतं, साहेब."

"आणि इथे असा प्रसंग आला तर?"

"इथेही किल्ली खिशात जाईल. खाली माणसं असली तर नाही उचलणार. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

पिकल्या मिशांच्या प्रमुखांनी चहाचा कप खाली ठेवला. साहेब म्हणाले, "या तुम्ही." ठसकाने मला हातावर घेतलं, चिमटे मुठीत घेतले आणि पाठ दाखवून, सरळ चालत बाहेर आली.

बाकावर सासूबाई बसल्या होत्या. "काय झालं?"

"सांगून टाकलं सगळं."

"सगळं?"

"हो. आई, माझ्याच्याने रेटवलं नाही. जागा गेली." एवढं बोलून ठसका रडायला लागली. वर केबिनमध्ये एकटी बसणारी ती बाई, माझ्या बाहीत तोंड खुपसून रडली. मी तेवढं तरी करू शकलो.

सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग पिशवीतून डबा काढला. "सकाळपासून उपाशी आहेस. खा आधी. मी सांगितलं खोटं बोल म्हणून, तू ऐकलं नाहीस. माझं तू कधी ऐकलंयस?" आणि सुनेचं डोकं जवळ ओढून म्हणाल्या, "नाही ऐकलंस ते बरं केलंस."

त्यानंतर मी पुन्हा खिळ्यावर. माणसं येत होती, चिमटे लागत होते, माझं चित्त मात्र थाऱ्यावर नव्हतं. काकूही साचा उघडून नुसत्या बघत बसायच्या.

मग एका दुपारी ठसका दुकानात शिरली, कामाच्या सदऱ्यात, मागोमाग सासूबाई. "काका, फोटो काढा. कारखान्याच्या ओळखपत्राला हवाय."

काकूंच्या हातातला माऊस खाली पडला. "झाली?"

"पक्की झाली!" सासूबाईंनी दुकान दणाणून सोडलं. भरतीच्या बाईंनी ठसकाला आतली गोष्ट सांगितली होती. मोठे साहेब तिच्या नावावर काट मारायला निघाले होते. तेव्हा पिकल्या मिशांचे प्रमुख एवढंच बोलले, "खाली माझी माणसं असतात. वर मला हीच हवी."

काकांनी डोळे पुसले, धावत पडद्यामागे आले आणि मला खिळ्यावरून काढलं. सवयच ती. मी बाह्या पसरून तयार. ठसकाने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाली, "नको काका. असाच काढा."

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला 'नको' म्हणणारं ते पहिलंच माणूस. काकांना वाटलं, मला वाईट वाटेल. छे! वंगणाच्या डागासकट तो फोटो निघाला तेव्हा माझी छाती फुगली. चिमट्यांशिवाय फुगली.

म्हणून तुम्हाला माझं मागणं आहे, आणि ते मी हात जोडून करत नाही, ताठ उभा राहून करतो. तुमच्याही अर्जात चुका होतील. फोटो उलटा चिकटेल, भलत्याच कंपनीचं नाव पडेल, नको ते बोलून जाल. लोक हसतील. हसू देत, त्याने कुणी मरत नाही. गरज पडली तर माझ्याकडे या, मी आहेच खिळ्यावर. महिन्यातून एकदा मला ब्रश मारा, पावसाळ्यात डांबराच्या गोळ्या ठेवा, माझे खांदे तुमचेच आहेत. फक्त कुणी तुम्हाला खरोखर काही विचारलं, तर मला काढून खुर्चीवर ठेवा आणि मग बोला.