कोमाद्रेचं बोट

लास पालोमास वस्तीतल्या म्हाताऱ्यांना उपाशीपोटी मतदानाला नेलं तर त्यांना मशीनपुढे चक्कर येते, हे एल्विरा ट्रेविन्योला अनुभवाने ठाऊक होतं. म्हणून निवडणुकीच्या दिवशी ती लवकर उठून मैद्याच्या तोर्तिया लाटायची, त्यांत अंडं-बटाटा भरायची आणि टोपलीवर फडकं टाकून पांढऱ्या व्हॅनची वाट बघत दारात बसायची. व्हॅन वस्तीतून निवडून आलेल्या कमिशनरची, पेट्रोल कमिशनरचं, तोर्तिया मात्र तिच्या पदरच्या. या गोष्टीचा तिला फार अभिमान होता.

अर्ध्या वस्तीची ती धर्ममाता. ज्यांच्या मुलांना तिने बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं, ते आईबाप तिला कोमाद्रे म्हणत, त्यांतल्या बापांना ती कोंपाद्रे म्हणे, आणि कोमाद्रे म्हणजे सख्ख्या बहिणीहून वरचं नातं. कुणाचं इंग्रजी पत्र वाचून दाखव, कुणाला डॉक्टरकडे ने, कुणाची पेन्शन अडली तर कचेरीत जाऊन भांड, हे सगळं ती करायची. मग निवडणूक आली की लोक तिला विचारत, कुणाला द्यायचं? ती सांगे. ज्यांना दिसत नसे, वाचता येत नसे, त्यांच्यासोबत मशीनपाशी जाऊन त्यांच्या वतीने बटणही तीच दाबे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उपकार करणाऱ्याच्या शब्दाबाहेर जायचं नाही, ही आमच्या खोऱ्याची जुनी रीत.

एल्विराच्या वडिलांना तरुणपणी गोऱ्या जमीनदाराच्या ट्रकमध्ये भरून मतदानाला नेत आणि खूण कुठे करायची ते मुकादम सांगे. त्या पिढीने पुढे मोर्चे काढले, मार खाल्ला, कोर्टात वर्षानुवर्षं लढे दिले. आज काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळी आडनावं आपली, स्पॅनिश बोलणाऱ्यांची आहेत. टीव्हीवर विद्वान मंडळी आमच्या वाढत्या ताकदीबद्दल बोलतात तेव्हा छाती फुगते. ताकद वाढली हे खोटं नाही. पण ट्रक जाऊन व्हॅन आली, जमीनदार जाऊन कमिशनर रोलांदो व्हियारेआल आला, आणि मागे बसणारे तेच राहिले. शेत राखायला म्हणून जे कुंपण घातलं, तेच शेत खायला लागलं.

रोलांदो आपलाच माणूस. कापूस वेचणाऱ्याचा मुलगा. प्रत्येक मयताला हजर, आणि रडायचा तर असा की घरच्यांनी त्याला सावरावं. रस्ते आणि गटारं हे कमिशनरचं काम, आणि लास पालोमासला दोन्ही द्यायचं वचन त्याने दर निवडणुकीत दिलं. पाऊस पडला की शौचाच्या टाक्यांचं पाणी अंगणात यायचं आणि शाळेची बस वस्तीच्या तोंडाशीच थांबायची. मागच्या सप्टेंबरात वस्तीतल्या म्हाताऱ्या फेर्मीनची बायको चायो हिच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेची चाकं चिखलात रुतली. चायोच्या मुलीने, ग्रिसेल्दाने, शेजाऱ्यांच्या मदतीने आईला चादरीत घालून गुडघाभर चिखलातून नेलं. गाडीपाशी पोचेपर्यंत चायो गेली होती.

मयताला सगळ्यात मोठं पुष्पचक्र रोलांदोचं होतं. तो रडलाही.

ग्रिसेल्दा त्याच शाळेची बस चालवायची. दुखवटा संपल्यावर तिने रोलांदोच्या विरोधात उभं राहायचं ठरवलं आणि आशीर्वाद मागायला आपल्या धर्ममातेकडे आली. एल्विराने तिच्या कपाळावर क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, पोरी, हे आपलं काम नव्हे. आशीर्वाद दिला, मताचं मात्र काही बोलली नाही.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी रोलांदो एल्विराच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मटणाचा रस्सा मागून मागून प्यायला. तिचा नातू बेतो काउंटीच्या रस्तेखात्यात हंगामी कामावर होता, त्याची चौकशी केली, पोरगा गुणी आहे, त्याला कायम करून टाकू म्हणाला. यंदा एकेक मत मोलाचं आहे, तेव्हा फेर्मीनलाही आणा, असं जाता जाता सांगितलं.

"तो ग्रिसेल्दाचा बाप आहे," एल्विरा म्हणाली.

"आंधळा आहे, दोन्या एल्विरा," रोलांदो तिला मानाने दोन्या म्हणत हसून म्हणाला. "मशीनवर बोट तर तुमचं असतं. त्याला काय कळणार?"

एल्विरा मूग गिळून बसली. तिने हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही, आणि अशा गप्प बसण्याचा अर्थ रोलांदोसारखी माणसं बरोबर ओळखतात.

तिला मनातून वाटत होतं की फेर्मीन दुसऱ्या कुणासोबत जाईल आणि आपली सुटका होईल. पण सकाळी व्हॅन त्याच्या दाराशी आली तेव्हा तो धुतलेला सदरा आणि हॅट घालून तयार बसला होता. त्याने हात पुढे केला आणि तिचा दंड धरला, नेहमीसारखा. व्हॅनमध्ये लिचा म्हातारी तोर्तिया चघळत होती. खड्ड्यातून चाक उसळलं तशी ती म्हणाली, "हा रस्ता पहिल्यांदा कबूल केला तेव्हा माझे सगळे दात शाबूत होते." सगळे हसले. एल्विराला हसू आलं नाही.

शाळेच्या व्यायामशाळेत मतदान होतं. बाहेर आखलेल्या रेषेपलीकडे ग्रिसेल्दा आपल्या नावाची पाटी घेऊन उभी होती. बापाला एल्विराच्या हाताला धरून उतरताना तिने पाहिलं. तिचा चेहरा उतरला. तरी लहानपणी करायची तशी तिने धर्ममातेपुढे मान लववली. एल्विराने नजर वळवली आणि फेर्मीनला आत नेलं.

टेबलावरच्या मुलीने फेर्मीनला सांगितलं की कानाला लावायचं यंत्र आहे, त्यात नावं ऐकू येतील, बटणं तुम्हालाच दाबता येतील. मला माझी कोमाद्रे पुरे आहे, तो म्हणाला. मग मुलीने एल्विराला उजवा हात वर करायला लावला. सोबत येणाऱ्याने घ्यायची ही शपथ एल्विरा वर्षानुवर्षं जपमाळेसारखी पुटपुटत आली होती. पण मुलगी नवी होती, कामाला पक्की होती, तिने एकेक तुकडा म्हणून घेतला. शब्दाने, खुणेने किंवा हावभावाने मी मतदाराला काही सुचवणार नाही. मतदार सांगेल तेच मत नोंदवीन.

मशीनपुढे वरची पदं भराभर उरकली. कमिशनरचं पान आलं आणि ती थांबली. फेर्मीनचा हात तिच्या दंडावर होता.

"गप्प का झालात, कोमाद्रे?" त्याने हळू आवाजात विचारलं. "बरं, एक सांगा. मागच्या खेपेला रोलांदोविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या मास्तरचं नाव मी सांगितलं होतं. माझं मत कुणाला गेलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. ते ओठांवर आलंही होतं.

"रोलांदोला," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. मास्तरचं नाव वर आहे असं तुम्हीच वाचलं होतंत, आणि तुमचा हात गेला खाली. माझे डोळे गेलेत, पण हात तर तुमच्या दंडावर होता."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत, कोंपाद्रे?"

"कोमाद्रेला खोटं कसं पाडायचं? ग्रिसेल्दाला पाण्यावर तुम्ही धरलं होतंत, याच हाताने. चायो चिखलात गेली, तेव्हा मनात आलं, यातला थोडा चिखल माझ्या गप्प बसण्याचाही आहे. पोरगी म्हणत होती, दुसऱ्या कुणाबरोबर जा. मी म्हटलं, नाही. मला एकदा हा हात पारखू दे. वाचा आता, दोन्ही नावं."

तिने दोन्ही वाचली, वर कुठलं, खाली कुठलं तेही सांगितलं. त्याने आपल्या मुलीचं नाव घेतलं. ते वर होतं. एल्विराच्या डोळ्यांपुढे बेतो आला, त्याचा रस्तेखात्याचा नवा गणवेश आला, आणि तरी तिचा हात वर गेला. दंडावरची म्हाताऱ्याची बोटं हलकेच सैल झाली.

बाहेर रोलांदोच्या माणसाने, चुयने, भुवई उंचावून विचारलं. एल्विराने मान हलवली नाही. पुढची पाळी लिचाची होती, तिनेही वाचायला जमत नाही म्हणून नेहमीप्रमाणे एल्विराचा हात धरला. एल्विरा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की आजपासून कुणाला द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, ती फक्त नावं वाचेल आणि सांगतील तिथे दाबेल.

"सकाळी सकाळी विचार करायला लावतेस?" लिचा कुरकुरली.

चुय जवळ आला आणि म्हणाला, कमिशनरसाहेबांना मी काय सांगू?

"सांग," एल्विरा म्हणाली, "की फेर्मीनला सगळं कळतं."

आत गेल्यावर लिचाने दोन्ही नावं ऐकली, खूप वेळ घेतला आणि रोलांदोचं नाव सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या मयतात फार छान रडला होता तो, म्हणाली. एल्विराच्या अंगाचा तिळपापड झाला. या बाईला हलवून विचारावं, चायोची आठवण आहे का तुला? पण थोड्या वेळापूर्वी याच हाताने शपथ घेतली होती. तिने ओठ आवळले आणि रोलांदोच्या नावावर बोट दाबलं. आयुष्यातलं इतकं जड काम तिने दुसरं केलं नव्हतं.

रोलांदो थोडक्यात निवडून आला. आठवडा उलटायच्या आत बेतोचं काम गेलं, आणि तो आजीशी बोलेनासा झाला. तिने केलेल्या तोर्तिया ताटात तशाच राहू लागल्या. चूक केली का, हा प्रश्न तिला रोज पडे, आणि रोज बेतोकडे बघून त्याचं उत्तर देणं जड जाई.

रविवारच्या प्रार्थनेनंतर ग्रिसेल्दा आणि फेर्मीन तिच्याकडे आले. पाऊस झाला होता, दोघांच्या बुटांना चिखल होता. एल्विराने ग्रिसेल्दाला लिचाच्या मताचं सांगून टाकलं, आणि मागच्या सगळ्या वर्षांचंही सांगितलं.

"आणि पुढच्या खेपेला?" ग्रिसेल्दाने विचारलं.

एल्विराने उठून आपले रबरी बूट पायांत चढवले.

"पुढची खेप आजपासून. आधी लिचाकडे जाऊ. रडणारा हवा की रस्ता हवा, हे तिला विचारू आणि ती काय म्हणते ते ऐकून घेऊ," ती म्हणाली. "ती पुन्हा त्याचंच नाव घेईल. मग पुन्हा जाऊ."

फेर्मीनने हात पुढे केला. तिने आपला दंड त्याच्या हातात दिला, आणि तिघं चिखलात उतरली.